मंगलच्या गाडीला परवाना नव्हता

मंगल दारात आली की रामराम करायच्या आधी माणसाचे पाय बघायची. उंबऱ्याशी उकिडवी बसायची, माझ्या बायकोचं, पार्वताचं, लुगडं घोट्यावर सारायची आणि नडगीवर अंगठा दाबून धरायची. अंगठा उचलला की कातडीला खड्डा पडलेला असायचा. तो भरून यायला किती वेळ लागतो ते ती तोंडातल्या तोंडात मोजायची. लवकर भरला तर पार्वताला पुढची सीट. उशीर लागला तर मागं, पाय लांब करून. फारच उशीर लागला तर ती पार्वताकडं न बघता माझ्याकडं बघायची.

"नाना, काल ताक किती पाजलं?"

मी म्हणायचो, वाटीभर.

"वाटी कोणती? आमटीची का देवापुढची?"

खोटं चालायचं नाही तिच्यापुढं. ती डॉक्टरीण नव्हती, नर्स नव्हती. ड्रायव्हर होती.

निफाडकडं आमची वाडी. पार्वताच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा नाशिकला आणायचं, चार तास यंत्राला लावायचं, रक्त धुवायचं आणि घरी न्यायचं. किती दिवस? तर जगेल तितके दिवस. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट होतं, ते खोटं बोलणार नाही. पण तिथवर जायचं कसं हे कोणत्या योजनेत लिहिलेलं नव्हतं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. अँब्युलन्सचा नंबर फिरवला तर पलीकडचा म्हणाला, पेशंट सिरियस आहे का? मी म्हणालो, नाही, बसून बोलते. तर म्हणाला, मग हे आमचं काम नाही. म्हणजे मरायला टेकलं की गाडी येणार, आणि मरायला टेकू नये म्हणून जायचं तर गाडी नाही. हे डोकं ज्यानं चालवलं त्याला एकदा समोर बसवून बघायचं आहे मला.

हॉस्पिटलात कोणीतरी मंगलचा नंबर दिला. ती आली तेव्हा मी तिच्या तोंडावरच म्हणालो, बाई चालवणार? मी आयुष्यभर द्राक्षाच्या छाटणीच्या टोळीचा मुकादम. बायकांना कामाला लावलं, बायकांच्या हाती गाडी दिली नाही. आतून पार्वता म्हणाली, "मग तुम्ही चालवा. सायकलवरून पडता तुम्ही."

मंगल हसली नाही. म्हणाली, "सात वर्षं द्राक्षं नेली मी, नाना. मणी गळला तर व्यापारी अख्खी गाडी परत लावतो. माणूस तेवढा नाजूक नाय."

तिचा नवरा पिकअप चालवायचा. तो हार्टॲटॅकनं गेला आणि पिकअप दारात राहिली. दीर म्हणाले विकू. ही म्हणाली शिकू. पुढं सासऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा तिनं त्याच पिकअपमध्ये गादी टाकून म्हाताऱ्याला नाशिकला न्यायला सुरुवात केली, चारी बाजूंनी क्रेट लावून, म्हातारा लोळू नये म्हणून. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले लोक म्हणायला लागले, आम्हालाबी न्या. सासरा वारला, पण ते लोक बाकावर होतेच. मग तिनं पिकअप विकून जुनी पांढरी व्हॅन घेतली. मधली सीट काढली, वेल्डिंगवाल्याकडून उतरती लोखंडी फळी बसवून घेतली, म्हणजे खुर्चीसकट माणूस आत ढकलता येतो. धरायला दांड्या लावल्या. एका फेरीला चार पेशंट. सकाळी नेणार, यंत्र सुटलं की परत आणणार.

चाळीसच्या वर काटा जायचा नाही. मागचे ट्रकवाले आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे, ती त्यांना हात दाखवून पुढं काढायची. गतिरोधक आला की म्हणायची, "धरा." उतरला की, "सोडा." डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यायचं असतं आणि तहान तर मरणाची लागते, म्हणून ती डब्यात लिंबाच्या गोळ्या ठेवायची, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकाला एक. चौथा पेशंट म्हणजे चांदोरीचे निवृत्त गुरुजी. ते दोन मागायचे. ती म्हणायची, "गुरुजी, वर्गात एका पोराला दोन दिल्या असत्या का तुम्ही?" अख्खी गाडी हसायची. पार्वता त्या गाडीतून हसत उतरायची. डायलिसिस करून आलेलं माणूस हसत उतरतं, हे मी शपथेवर सांगतो.

एकदा गावातले एक पुढारी शाल-नारळ घेऊन तिच्या घरी गेले. सोबत फोटोवाला. महिला दिन होता, तिचा 'रुग्णसेविका' म्हणून सत्कार करायचा होता. मी तिथंच होतो. तिनं नारळ घेतला, शाल परत दिली.

"मी सेवा करत नाय, दादा. मी भाडं घेते. सेवा करणारा दमला की बंद करतो, आणि त्याला कोणी बोलत नाय. धंदेवाल्याला दुसऱ्या दिवशी यावंच लागतं. शाल नको, परवाना मिळवून द्या."

पुढारी म्हणाले, बघू. फोटो न काढता गेले. त्यांचं बघणं अजून चालू आहे.

परवान्याचं तिच्या डोक्यात बसलं ते एका किरकोळ धक्क्यानं. नांदूर नाक्यावर एका टेम्पोनं मागून ठोकलं. कोणाला खरचटलंही नाही. पण तिनं विमावाल्याला विचारलं, यात पेशंटला लागलं असतं तर? तो म्हणाला, खाजगी गाडीत भाड्यानं माणसं नेता, एक रुपया मिळणार नाही. त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. दोन वर्षं कोणी विचारलं नव्हतं, पुढंही विचारलं नसतं. पण ही आपल्या पायानं आरटीओच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, माझा असा असा धंदा आहे, परवाना द्या.

पाच-सहा चकरांना मी सोबत होतो, म्हणून मला माहीत आहे. एका टेबलावर सांगितलं, पेशंट नेता म्हणजे अँब्युलन्स. मग आत खाट पाहिजे, ऑक्सिजनची टाकी पाहिजे, वर दिवा आणि भोंगा पाहिजे. खाट टाकली की एकच पेशंट मावणार. मंगल म्हणाली, साहेब, माझी माणसं बसून जातात, आणि भोंगा ऐकून त्यांचं बीपी वाढंल. टेबलवाला म्हणाला, मग ही टॅक्सी. दुसऱ्या टेबलावर जा. दुसरा म्हणाला, टॅक्सी कंपनीतून निघाली तशीच पाहिजे. सीट काढलेली चालणार नाही, ती लोखंडी फळी तर मुळीच नाही. फळी काढा. फळी काढली तर माणूस चढणार कसा? तर म्हणाला, ज्याला चढता येत नाही तो पेशंट, म्हणजे अँब्युलन्स. पहिल्या टेबलावर जा.

हसू येतं ना? मलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

आता माझी गाढवकी सांगतो. मी चौथी शिकलेला. पण मुकादमकीत मला एक गोष्ट पक्की कळली होती की सरकार एका माणसाचं ऐकत नाही, सह्यांचं ऐकतं. वाडीचा रस्ता आम्ही सह्यांनी आणला. दारूचं दुकान सह्यांनी उठवलं. म्हणून मी मंगलला न विचारता पेशंटांच्या घरोघर फिरलो. गुरुजींकडून मजकूर लिहून घेतला. आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की मंगलबाई आम्हाला दोन वर्षांपासून नियमित नाशिकला नेतात, वेळेवर येतात, भाडं वाजवी घेतात, तरी त्यांना परवाना मिळावा. खाली सह्या, सह्यांखाली अंगठे. पहिली सही माझी.

तो कागद मी ऑफिसात मंगलच्या देखत टेबलावर ठेवला, छाती काढून. कारकुनानं वाचला. परत वाचला. उठून आत गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेबानं विचारलं, गाडी कुठं आहे? मंगल म्हणाली, खाली उभी आहे. साहेब म्हणाला, किल्ली द्या.

बिनपरवाना भाड्यानं प्रवासी नेल्याचा पुरावा. त्यांना तो शोधावा लागला नाही. मी सह्या-अंगठ्यांसकट नेऊन दिला.

दुपारचे दोन वाजले होते. चौघं पेशंट यंत्रावरून उतरायच्या बेतात होते आणि त्यांच्या गोधड्या, डबे, काठ्या गाडीत होत्या. मंगल हॉस्पिटलात गेली. प्रत्येकाला हाताला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला बजावलं की खड्डा बघून चालव. सगळ्यांना एवढंच सांगितलं की गाडी अडकली. कागद कोणी दिला ते तिच्या तोंडून कधीच निघालं नाही. घरी आल्यावर मीच पार्वताला सांगितलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "सह्या घ्यायच्या आधी मला विचारायचं ना. भाड्याचं लिहू नका म्हणाले असते."

चार दिवसांनी साहेबानं आम्हाला बोलावलं. साहेब वाईट नव्हता. त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. चहा पाजला. म्हणाला, बाई, मला कळतं. मार्ग काढू. पेशंट तुमचे नातेवाईक आहेत, तुम्ही पैसे घेत नाही, असं लिहून द्या. थोड्या दंडावर गाडी सोडतो. मंगलनं विचारलं, आणि माझा अर्ज? तो म्हणाला, नातेवाइकाला न्यायला परवाना लागतच नाही, मग अर्ज कशाला? तो बंद होईल.

मंगलनं चहाचा कप खाली ठेवला. "मी फुकट नेत नाय, साहेब. नेत नाय ते नेते म्हणून कसं लिहू?"

जिन्यात मी तिच्यावर ओरडलो. खरं बोलायला तुला काय बक्षीस मिळणार आहे? सगळं ऑफिस खोट्यावर चाललंय, तुझ्या एका खोट्यानं बुडणार आहे का? ती म्हणाली, "नाना, आज खोटं लिहिलं तर उद्या मंगल नावाची बाई गाडी चालवत होती, हेच कुठं राहणार नाय."

मला तेव्हा ते कळलं नाही. मला फक्त शनिवार कळत होता. शनिवारी पार्वताची पाळी होती.

तीन आठवडे. पहिल्या शनिवारी मी तिला एसटीत खांद्यावर टाकून चढवलं. कंडक्टर म्हणाला, आजीला दवाखान्यात न्या. मी म्हणालो, मग काय सिनेमाला नेतोय का? जीपवाला एकट्या पेशंटला येईना, आणि आला की जे मागायचा ते ऐकून घरातलं भांडं विकावं लागेल असं वाटायचं. दोन पाळ्या चुकल्या. पार्वताचं तोंड सुजलं. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. आमची एकुलती मुलगी सुरतेला दिलेली, ती फोनवर रडायची. मी रडलो नाही. मी मंगलकडं गेलो.

ती कोणाच्या तरी बागेत रोजानं घडांची विरळणी करत होती. कात्री हातात. मी बांधावरूनच बोललो. काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. शेवटचं लिहितो, कारण ते माझ्यावर आहे. मी म्हणालो, "तुझ्या परवान्यापायी माझी बायको मरंल. तुझा सासरा मेला तशी मरंल. मग लाव तो कागद फ्रेम करून."

मंगलनं कात्री कमरेला खोवली.

"पाय कसे हायेत माईचे?"

मी म्हणालो, खड्डा भरतच नाही.

"उद्या सकाळी ऑफिसात या. काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, नाना. माझा हात चालणार नाय."

आणि मी लिहिलं. माझ्या चौथीच्या अक्षरात. मंगल ही माझी सख्खी भाची असून ती मामीला घरच्या गाडीनं दवाखान्यात नेते. पैसे घेत नाही, कधी घेतले नाहीत. आधीचा कागद गैरसमजातून दिला होता. इतर कोणाला नेणार नाही. खाली मंगलनं सही केली, कागदाकडं न बघता. साहेब खूश झाला. म्हणाला, बघा, किती सोपं होतं.

गाडी सुटली. पार्वता परत यंत्राला लागली. सूज उतरली. पण गाडीत आता आम्ही तिघंच असायचो, आणि मंगल भाड्याचे पैसे घेईना. भाची कुठं पैसे घेते?

एका सकाळी चांदोरीच्या थांब्यावर गुरुजी उभे होते. एका हातात काठी, एका हातात पिशवी, एसटीची वाट बघत. पांढरी गाडी ओळखून त्यांनी हात वर केला. मंगलनं गाडी हळू केली. पार्वता म्हणाली, "थांबव, गुरुजी हायेत."

"थांबवता येत नाय माई. लिहून दिलंय. परत पकडली तर तुमचंबी जाईल."

"कोणी लिहून दिलं?"

मंगलनं आरशात माझ्याकडं बघितलं. गाडी थांब्यावरून पुढं गेली. गुरुजींचा हात वरच होता. पार्वतानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि पन्नास वर्षांच्या संसारात तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसानंतर ती त्या गाडीत बसली, पण हसत उतरली नाही.

दोन महिन्यांनी ती गेली. सकाळच्या वेळी, घरात, चहा गाळता गाळता मी वळलो तर संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय आधीच कमजोर होतं. असेल. तो शिकलेला आहे. पण तीन आठवडे तिच्या अंगात पाणी साचत होतं, ते कोणाच्या नावावर घालायचं? साहेबाच्या? दोन टेबलांच्या? का माझ्या? मी रोज वेगळ्याच्या नावावर घालतो आणि रोज माझ्यावर येऊन थांबतो.

दहाव्याला मंगल घाटावर आली आणि लांब, पायऱ्यांवर, पेशंटांच्या घरच्यांत बसली. मी म्हणालो, वर ये, नातेवाइकांत बस, तू भाची आहेस. मला बरं वाटेल असं वाटलं म्हणून बोललो. ती उभी राहिली.

"तुमच्या अक्षरात भाची झाले, नाना, आणि धंद्यातून उठले. माईसाठी झाले, त्याचं मला काय वाटत नाय. पण मला इथं भाची म्हणू नका."

त्याच महिन्यात तिनं व्हॅन विकली. घेणाऱ्यानं फळी कापून भंगारात दिली. मंगल चांदवडला भावाकडं गेली. तिथं कांद्याची पिकअप चालवते. पिकअपला परवाना आहे, विमा आहे, सगळं आहे, एका दिवसात मिळालं. कांदा न्यायला या देशात काही अडचण नाही. गुरुजी आता आठवड्यात एकदाच नाशिकला जातात. दुसऱ्या वेळेला ताकद राहत नाही म्हणतात. एकदा म्हणजे किती दिवस, ते त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

गेल्या महिन्यात मी एकटाच एसटीनं ऑफिसात गेलो. घरून कागद लिहून नेला होता. मी आधी दिलेला जबाब खोटा आहे. मंगल माझी कोणी नाही. ती पेशंट नेण्याचा धंदा करत होती, भाडं घेत होती, चोख करत होती. तिच्या अर्जाच्या फाइलीला हा कागद लावा. कारकून तोच होता. म्हणाला, "आजोबा, आजी गेल्या, ती गाडी गेली, फाइल बंद झाली. आता कोणाला काय मिळणार?"

मी म्हणालो, काही नाही मिळणार. शिक्का मारा.

तो म्हणाला, खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरच कारवाई होईल. मी म्हणालो, तीही लेखी करा. त्यानं शिक्का मारला. सोबत जोडायच्या छापील फॉर्मवर नात्याची एक रिकामी जागा होती, त्यानं विचारलं, मंगलबाई तुमची कोण? लिहायला लागेल. मी पेन मागून घेतलं आणि लिहिलं, मी तिचं गिऱ्हाईक.

बाहेर पायरीवर बसून मी मंगलला फोन लावला. मागं मंडीचा गलका चालला होता. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नाना, आता तुम्हाला दंड बसंल."

मी म्हणालो, बसू दे.

पलीकडं कोणीतरी गोणी मोजत होतं.

"मग पावती घ्या," ती म्हणाली. "दंड कशापायी ते त्यांना पावतीवर लिहावं लागंल. नीट वाचून घ्या, नाना. आणि एक झेरॉक्स मला पाठवा."